खाण थांबली, नदी तांबडीच

खाणी बंद पडल्या की नद्या आपोआप निवळतील, ही समजूत गोव्यात दोनदा तपासून झाली आहे. पहिल्यांदा २०१२ साली. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबरात संसदेपुढे आला, राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन आणि वाहतूक दोन्ही थांबवली. दुसऱ्यांदा २०१८ साली. ७ फेब्रुवारीच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून यंत्रे उभी राहिली. दोन्ही वेळा धूळ खाली बसली, रस्त्याकडेच्या झाडांची पाने कित्येक वर्षांनी हिरवी दिसली. माणसे कर्जाचे हप्ते मोजत बसली ती गोष्ट वेगळी. मग जून आला, आणि नदी पुन्हा तांबडी झाली.

मी डिचोली तालुक्यातला. भूगोल शिकवण्यात सारी नोकरी गेली, आणि खाणपट्ट्यात भूगोल शिकवायचा म्हणजे दरवर्षी नकाशा दुरुस्त करत राहायचे. डोंगर होता तिथे खड्डा, कुळागर होते तिथे डोंगर. २०१९च्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा मुद्दाम कुडण्याच्या नदीवर जाऊन उभा राहिलो. हरवळेचा धबधबा ज्या नदीचा, तीच ही. उत्खनन बंद होऊन सव्वा वर्ष झाले होते. शेजारी उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने आवाज खाली आणून विचारले, ‘मास्तर, रात्रीचं काही चालतं की काय हो?’ रात्रीचे काही चालत नव्हते. चालायची गरजच नव्हती. वर डोंगरावर टाकाऊ मातीचे ढिगारे होते आणि वरून पाऊस पडत होता, एवढे पुरे होते.

लोहखनिजाचा व्यवहार वरून पाहिला तर सोपा दिसतो. जांभ्याचा थर काढा, त्याखालची माती काढा, मग खनिज. पण गोव्यात एक टन खनिजामागे अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते, आणि ती ठेवायची कुठे हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच चुकत गेला. पोर्तुगीज अमदानीत खाणींची जी कन्सेशने दिली गेली, ती एकेक जास्तीत जास्त शंभर हेक्टरांची. एवढ्याशा तुकड्यात खड्डाही मावायचा आणि ढिगाराही. साहजिकच ढिगारे हद्दीच्या कडेला चढत गेले, उभे झाले, आणि पुष्कळ ठिकाणी हद्द ओलांडून नाल्याच्या अंगावर आले. पट्ट्याबाहेर माती टाकायला कायद्यात परवानगीच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले ते २०१४च्या एप्रिलमध्ये. तोवर साठ वर्षांची माती टाकून झाली होती. १९५०च्या दशकात जपानची मागणी, २०००नंतर चीनची. २०१०-११च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर जात होते. त्यात कर्नाटकातलाही माल होता हे खरे, पण आमच्या वाट्याची माती आमच्याकडेच राहिली.

या भागात पाऊस कसा कोसळतो हे सांगायला नको. असा पाऊस नुसत्या, झाड नसलेल्या, उभ्या ढिगाऱ्यावर पडला की काय होते, ते कुठल्याही ओढ्यावर उभे राहून बघता येते.

ही माती नदीत गेल्यावर काय करते, हे जरा सावकाश पाहायला हवे, कारण नदी साफ करण्याच्या बहुतेक योजना इथेच फसतात. ढिगाऱ्यातले दगडगोटे लवकर खाली बसतात, वाळू थोडी पुढे जाते. खरा उपद्रव चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांचा. गोड्या पाण्यात ते तासन्‌तास, दिवसेंदिवस तरंगत राहतात. वाळवंटी, डिचोलीची नदी, कुडण्याची नदी, खांडेपार अशा सगळ्या वाटांनी ते मांडवीत उतरतात आणि भरतीच्या खाऱ्या पाण्याला भेटतात. इथे चमत्कार होतो. मीठ लागले की हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके बनतात आणि ते तळाशी बसतात. म्हणजे वरच्या नदीतून जी माती निघून गेली असे आपल्याला वाटते, ती समुद्रात जातच नाही सगळी. खाडीच्या त्या टप्प्यात साचते, ओहोटीला थोडी खाली सरकते, भरतीला पुन्हा वर येते. आणि नेमका तोच टप्पा तिसऱ्या नि खुब्यांचा. चिखलात अर्धे रुतून, पाणी गाळून जगणारे हे जीव. त्यांच्यावर लेप बसला की संपले.

दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८६ साली या खाड्यांच्या तळाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. शिंपल्यांचे उत्पादन ७० टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यात नोंदवले आहे. तळावरची मूळची जीवसृष्टी जवळजवळ नाहीशी होऊन तिथे काहीही सोसणारे, येऊनजाऊन असणारे थोडे जीव उरले होते. १९८६! चीनची तेजी यायला अजून दीड तप बाकी होते. काहीच कळले नव्हते, असे कोणी म्हणू लागले की मला हे साल आठवते.

शेतांची कथा याहून जुनी. तांबडे पाणी भातशेतात शिरते, माती बसते, पाणी निघून जाते. ओले असताना ते लोण्यासारखे दिसते. वाळले की त्याची पापडी होते, तिला भेगा पडतात, नांगर लागत नाही. खाली चांगली जमीन असते पण तिला हवा नाही. खाजन शेतीत तर पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यावेच लागते, आणि पाण्याबरोबर मातीही आत येते. यावर खाणमालकांनी शोधलेला उपाय म्हणजे नुकसानभरपाई. दरवर्षी इतके हेक्टर, इतके पैसे. आमच्या घराचा वायंगणी शेताचा तुकडा होता, त्यावरही एका कंपनीकडून काही वर्षे पैसे येत. माझे काका सही करून ते घेत. खाण बंद झाली तशी भरपाई बंद झाली, आणि शेत होते तसेच पापडी धरून राहिले. भरपाई हे पिकाचे भाडे होते. जमीन दुरुस्त करण्याचा खर्च त्यात कधी धरलाच नव्हता, आणि आम्हीही मागितला नाही. आज गोव्यात गाळाने मेलेल्या शेतांबद्दल बोलणारे बरेच आहेत, पण हा फरक फार थोडे जण करतात.

मग ‘गाळ उपसा’ ही मागणी येते. मागणी चूक नाही, क्रम चूक आहे. माझ्या डोळ्यांदेखत एका ओढ्यातला गाळ यंत्राने उपसून काठावरच लांबलचक ओळीने रचून ठेवला गेला. मे महिना होता. फोटो निघाले, भाषणे झाली. ऑगस्टपर्यंत त्यातला बराचसा गाळ आपल्या जागी परत गेला होता. उपसलेली माती कुठे नेणार, याचे उत्तर आधी नसेल तर उपसा म्हणजे नदीला दिलेली कर्जमाफी. पुढच्या वर्षी पुन्हा थकबाकी तेवढीच.

जगात हे कुणी करून दाखवले आहे का? आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात क्लार्क फोर्क नावाची नदी आहे. मी तिथे गेलेलो नाही, पण तिच्यावर इतके कागद उपलब्ध आहेत की घरबसल्या नदीची कुंडली मांडता येते. तिच्या उगमाकडे ब्यूट हे तांब्याच्या खाणींचे गाव आणि जवळच अ‍ॅनाकोंडा हे तांबे वितळवण्याच्या भट्टीचे. १९०८ साली तिथून शे-दोनशे किलोमीटर खाली मिलटाउन येथे धरण बांधून झाले, आणि त्याच वर्षीच्या महापुराने वरच्या खाणींचा कचरा आणून त्या धरणामागे भरला. तो तिथे पाऊण शतक पडून राहिला. १९८१ साली मिलटाउनच्या विहिरींत आर्सेनिक सापडले तेव्हा लोकांना कळले की आपण कशाच्या शेजारी राहतो.

पुढचे सत्तावीस वर्षांचे भांडण गाळून सांगतो. २००८च्या मार्चमध्ये ते धरण फोडण्यात आले. त्याच्या मागचा सुमारे बावीस लाख घनयार्ड विषारी गाळ खणून आगगाडीत भरला आणि वर अ‍ॅनाकोंडाजवळच्या जुन्या कचरातळ्यांवर नेऊन टाकला. त्या तळ्यांशेजारच्या वस्तीचे नाव ऑपॉर्च्युनिटी, म्हणजे ‘संधी’. मिलटाउनला नदी मिळाली आणि संधीला गाळ मिळाला. तिथल्या लोकांना ते आवडले नाही, आणि कोणाला आवडेल? पण निदान गाळ जाणार कुठे, हे पहिला डबा भरण्याआधी ठरले होते. शिवाय काम वरून खाली चालले. ब्यूटच्या पायथ्याशी सिल्व्हर बो नावाचा ओढा आहे, तो कित्येक दशके मेलेला होता. १९९९पासून दहा वर्षांहून अधिक काळ त्याचे पात्र आणि दोन्ही काठ अक्षरशः खणून काढून नव्याने घडवले. आता त्यात ट्राउट मासा परत आला आहे.

मात्र ब्यूटच्या डोक्यावरचा खड्डा अजून आहे. बर्कली पिट. २२ एप्रिल १९८२ रोजी तिथले पंप बंद केले आणि खड्डा आम्लाच्या पाण्याने भरत गेला. १९९५ साली त्यात उतरलेले ३४२ हिमहंस मेले, २०१६ साली हजारो. २०१९पासून ते पाणी शुद्ध करून ओढ्यात सोडतात, आणि हे काम थांबवण्याची तारीख कोणत्याही आराखड्यात नाही. कारण तिथले तांबे गंधकाशी बांधलेले. त्या दगडाला हवा-पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते, ते आणखी धातू विरघळवते, आणि हे शतकानुशतके चालते.

आता आपल्याकडे पाहा. गोव्याचे लोहखनिज म्हणजे निसर्गाने आधीच गंजवून ठेवलेले लोखंड. त्यात गंधक नगण्य, त्यामुळे आम्लाचा प्रश्न मोठा नाही. काही ठिकाणी मँगनीज आहे, त्यावर लक्ष ठेवायला हवे. खांडेपारवरच्या ओपाचे पाणी पणजीपर्यंत पितात. पण आपला मुख्य शत्रू माती आहे, नुसती माती. तिला थोपवायला प्रयोगशाळा लागत नाही. म्हणूनच मोंटानाकडे बोट दाखवून ‘एवढे पैसे आपण कुठून आणायचे’ असे जे म्हटले जाते, ते मला पटत नाही. त्यांचे दुखणे जन्माचे आहे. आपले बरे होणारे आहे.

थोपवायचे कसे, हे खाणीवर काम केलेला कुठलाही मुकादम सांगेल. उभा ढिगारा टप्प्याटप्प्यांचा करायचा, प्रत्येक टप्प्याचा उतार आतल्या बाजूला. पायथ्याशी जांभ्या दगडाची भिंत. भोवती चर, म्हणजे बाहेरचे पाणी ढिगाऱ्यावर येऊ नये आणि ढिगाऱ्याचे पाणी थेट नाल्यात जाऊ नये. चरांच्या शेवटी एकापुढे एक अशी निवळण तळी, आणि ती तळी पावसाआधी रिकामी केलेली. (रिकामी न केलेले निवळण तळे म्हणजे फक्त कागदावरचे तळे. असली मी बरीच पाहिली.) उतारावर काथ्याचे जाळे आणि त्यात गवत. झाडांच्या बाबतीत मात्र आपण फसलो. ढिगाऱ्यांवर सरसकट ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला, कारण तो भराभर वाढतो आणि दुरून हिरवा दिसतो. त्याच्याखाली जाऊन बसा. पानांचा कोरडा थर आणि त्याखाली उघडी माती. मातीला धरून ठेवते ते गवत आणि झुडूप; वाळ्यासारखी खोल मुळांची गवते उतारावर उत्तम काम करतात.

शाळेतल्या मुलांना घेऊन मी एक साधा प्रयोग करत असे. पावसाळ्यात वेगवेगळ्या ओढ्यांचे पाणी एकाच मापाच्या काचेच्या बाटल्यांत भरायचे, चिमूटभर मीठ घालायचे आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी तळाशी बसलेला थर पट्टीने मोजायचा. उघड्या ढिगाऱ्याखालच्या ओढ्याच्या बाटलीत बोटभर थर, गवत धरलेल्या ढिगाऱ्याखालच्या बाटलीत नखाएवढा. ढिगारे तेच, पाऊस तोच. मुलांना याहून जास्त समजावून सांगावे लागले नाही.

मग हे होत का नाही? एक कारण असे की गोव्यात ढिगारा हा नुसता कचरा राहिलेला नाही. पूर्वी ५५ टक्क्यांखाली लोह असलेली माती टाकाऊ मानत. २००९ साली भारतीय खाण ब्युरोने ही मर्यादा ४५ टक्क्यांवर आणली. चीनला तसला माल चालत होता. काल फेकलेली माती आज माल झाली, आणि तिच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ झाले. जबाबदारी सांगणारा एकही नाही. यातून मोठी गंमत अशी होते की जो ढिगारा गवत धरून शांत झाला आहे, त्यातच लोह चांगले असेल तर तो पुन्हा उकरला जाणार. आणि जो नाल्याच्या अंगावर उभा राहून दरवर्षी नदी भरतो आहे, त्यात लोह कमी असेल तर त्याला कोणी हात लावणार नाही. ढिगारे उचलायला माझा विरोध नाही. उचलून विकलेल्या मालातून साफसफाईचा खर्च निघत असेल तर उत्तमच. पण कोणता ढिगारा आधी, हे बाजारभावाने ठरता कामा नये. पाण्याच्या सर्वांत जवळचा, सर्वांत उघडा, तो पहिला. तो उचलल्याशिवाय दुसऱ्याचा परवाना नाही. आणि उरलेली माती पुन्हा ढीग करून ठेवायची नाही, खड्ड्यात भरायची.

दुसरे कारण पैशांचे आणि नावाचे. अमेरिकेत १९८० साली ‘सुपरफंड’ म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला. त्याने असे धरले की खाण आज ज्याच्या ताब्यात, तो कालच्या कचऱ्यालाही जबाबदार. आर्को या तेलकंपनीने १९७७ साली अ‍ॅनाकोंडा कंपनी विकत घेतली. काही वर्षांतच तांब्याचा भाव पडला, भट्टी बंद, खड्डा बंद, आणि गळ्यात शंभर वर्षांचा कचरा. कंपनी कोर्टात भांडली, पण पैसे द्यावे लागले. आपल्याकडे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘दूषित करणाराने भरावे’ हे तत्त्व मान्य केले. पण गोव्यात भरणारा कोण? जुन्या पट्टेदाराचा पट्टाच रद्द झाला. डिसेंबर २०२२पासून लिलाव होऊन नवे पट्टेदार आले. ढिगारा त्यांनी घातलेला नाही. २०२४मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले, तरी जुन्या ढिगाऱ्यांचा धनी ठरलेला नव्हता. जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या सफाईचे नियम जाहीर केले, तेव्हा मी मोठ्या आशेने ते वाचायला घेतले. खाणकामामुळे झालेले दूषण त्यातून वगळले आहे, कारण त्यासाठी म्हणे वेगळे कायदे आहेत.

ते वेगळे कायदे काय म्हणतात? खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी अनामत, ही अट २००३ साली आली. मोठ्या यांत्रिक खाणीसाठी हेक्टरी २५ हजार रुपये. म्हणजे शंभर हेक्टरांच्या खाणीला २५ लाख. तेवढ्यात एका बाजूची दगडी भिंतसुद्धा होत नाही. ही रक्कम पुढे वाढवली, पण ज्या वर्षांत माती सर्वाधिक निघाली ती वर्षे या दराने गेली. एक जमेची बाजू आहे. २०१४च्या निकालात न्यायालयाने विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायम निधीत टाकायला सांगितली, भावी पिढ्यांसाठी. नदी ही भावी पिढ्यांचीच असेल, तर नदीकाठचा पहिला ढिगारा उचलायला या निधीचे व्याज वापरण्यात गैर काय, हे मला कळत नाही.

आणि खड्डे. काही तर समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले, पाण्याने तुडुंब. नीट सांभाळले तर ते गाळ अडवणारी आणि उन्हाळ्यात पाणी देणारी मोठी तळी होऊ शकतात. नाही सांभाळले तर काय होते, ते सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याने पाहिले आहे. तिथल्या लोहखाणीचा बांध जुलै २०२१च्या पावसात फुटला आणि चिखलाचा लोंढा घरांत, बागांत, शेतांत शिरला. गोव्यातल्या भरलेल्या खड्ड्यांचे बांध दरवर्षी मे अखेर कोणीतरी चालत जाऊन तपासायला हवेत. चालत, कारण मोटारीतून भेग दिसत नाही.

यंदा मी बाटल्यांचा प्रयोग जरा पद्धतशीर करायचे ठरवले आहे. आता नोकरी नाही, पण माझे जुने विद्यार्थी गावोगाव आहेत, काही पंचायतीतही आहेत. प्रत्येकाने आपल्या ओढ्याचे पाणी पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी, मग जुलैच्या मध्याला आणि ऑगस्टच्या शेवटी भरायचे, थर मोजायचा, आणि त्या ओढ्याच्या डोक्यावर कोणता ढिगारा आहे त्याचे स्थान नकाशावर टिपायचे. पंचायतीच्या ग्रामसभेत ठेवायला एवढा कागद पुष्कळ आहे. ज्यांच्या गावातून असा ओढा जातो त्यांनी एका मापाच्या, झाकणाच्या काचेच्या बाटल्या घ्याव्यात. प्लास्टिकच्या नकोत, त्यांच्या तळाला खोबणी असतात आणि थर सारखा बसत नाही.